सोरचा राजा हिराम

लबानोन पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्यें भूमीची एक अरुंद पट्टी आहे. प्राचीन काळीं तिला फिनिशिया म्हणत. तेथें शेतीस जागा थोडी. परंतु डोंगरावर गंधसरूचीं वनें आणि दारांत समुद्र. म्हणून तेथील लोक नावाडी, व्यापारी व कारागीर झाले. त्यांच्या सोर नगरीचा राजा हिराम याचें नांव शास्त्रपाठामुळें आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

हिराम हा अबीबाल राजाचा पुत्र. तो इ. स. पू. १० व्या शतकांत होऊन गेला. इतिहासकार जोसीफस याच्या लेखाप्रमाणें तो ५३ वर्षें जगला व त्यांतील ३४ वर्षें त्यानें राज्य केलें. सोर नगरी तेव्हां बेटावर होती. हिरामानें समुद्रांत भर घालून तिचा विस्तार केला.

दावीद राजाशीं त्याचा स्नेह होता. दाविदाचा पुत्र शलमोन यरुशलेमांत मंदिर बांधूं लागला, तेव्हां तो स्नेह उपयोगी पडला. यरुशलेमांत लांकूडकामांत निष्णात माणसें नव्हतीं. सोरांत धान्य पुरेसें नव्हतें. करार असा झाला कीं, हिरामाच्या लोकांनीं गंधसरूचे ओंडके तोडावे, त्यांचे तराफे बांधून समुद्रमार्गें याफोपर्यंत पोंचवावे आणि शलमोनानें दरसाल २०,००० कोर गहूं व शुद्ध तेल द्यावें. हिराम याच नांवाचा एक कुशल कारागीरही सोरहून आला. त्याचा बाप सोरचा, तर आई नफताली वंशांतील विधवा होती. मंदिरापुढील दोन प्रचंड धातुस्तंभ त्यानेंच ओतले.

वीस वर्षांनंतर त्या मैत्रीची परीक्षा झाली. शलमोनानें गालील प्रांतांतील २० नगरें हिरामास दिलीं. हिराम तीं पाहावयास गेला. तीं त्याच्या मनास आलीं नाहींत. हें त्यानें स्पष्ट सांगितलें, पण संबंध तोडला नाहीं. पुढें शलमोनाचीं जहाजें एस्योन-गेबेर बंदरांतून ओफीरास निघालीं, तेव्हां त्यांजवर हिरामाचेच समुद्राचे माहितगार खलाशी होते. त्यांनीं ४२० किक्कार सोनें आणिलें. हें ओफीर कोठें होतें याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. आपल्या वसईजवळील सोपारें तेंच असावें, असेंही कित्येकांनीं सुचविलें आहे.

हिरामाच्या मागें सोरचें वैभव वाढतच गेलें. शिंपल्यांपासून काढलेला तेथील जांभळा रंग राजेलोक वापरूं लागले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोरच्या लोकांनीं कार्थेज वसविलें. परंपरेनें त्याचें वर्ष इ. स. पू. ८१४ मानतात. स्पेनांतही त्यांनीं गादीर हें बंदर वसविलें.

परंतु इ. स. पू. ८ व्या शतकांत आमोस संदेष्ट्यानें सोरला दोष दिला. सोरनें बंधुत्वाचा करार विसरून बंदिवान लोक परक्यांच्या हातीं दिले, असा तो दोष होता. इ. स. पू. ३३२ मध्यें शिकंदरानें समुद्रांत बांध घालून, सात महिन्यांच्या वेढ्यानंतर तें नगर घेतलें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण पुढें व्यापारांत, कचेरींत किंवा कारखान्यांत शिरतील. तेथें मनासारखा मोबदला न मिळण्याचा प्रसंग केव्हां तरी येईलच. अशा वेळीं मनांतील गोष्ट सरळ बोलावी आणि दिलेला शब्दही पाळावा, हें हिरामापासून शिकण्याजोगें आहे. सोरच्या वंशजांस त्याचीं जहाजें वारशानें मिळालीं. त्याची सचोटी मात्र त्यांस राखतां आली नाहीं.