रावबहादूर बोले आणि वाचनालयाची मतदार यादी

चवदार तळ्याचा विषय निघाला की रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव एका वाक्यात उरकले जाते. रत्नागिरीत 1828 पासून वाचनालयाची परंपरा आहे. वाचनालयांची कार्यकारी मंडळे कोणी निवडायची हा प्रश्न मांडताना आम्हाला भंडारी समाजातले हे पुढारी आठवतात.

1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, त्या सत्कार सभेचे अध्यक्ष बोलेच होते. केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिले ते याच वेळी. 1909 मध्ये कामगार हितवर्धक सभेच्या उभारणीत बोले पुढे होते. पण त्यांचे खरे काम मुंबई कौन्सिलातले. 4 ऑगस्ट 1923 रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, किंवा सरकारनियुक्त अथवा कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. वाचनालय हा शब्द त्यात नाही. पण वकील म्हणून आम्ही ठरावाचा पाया पाहतो: पैसा जनतेचा, तर दारही जनतेला.

सरकारने सप्टेंबरात आदेश काढला, अंमलबजावणी नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या हाती राहिली. तिथे बसले होते कोण? महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केले, पण कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पाण्याला भिडले. त्याच वर्षी 4 ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाच्या चौथ्या वाढदिवशी, पालिकेने स्वतःचा ठराव रद्द केला!

बोले भाबडे नव्हते. 5 ऑगस्ट 1926 लाच त्यांनी दुसरा ठराव आणला होता. जी पालिका, जे बोर्ड अंमल करणार नाही, त्याचे अनुदान बंद. स्थानिक अधिकार जागेवर राहिला, त्याला हिशेबाची अट लागली.

1961 मध्ये बोले गेले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला 1967 मध्ये. मान्यताप्राप्त वाचनालयाला शासन अनुदान देते, मंडळ मात्र संस्थेचे सभासद निवडतात. ते मंत्रालयातून नेमावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचाच असतो. पण मत देणारे सभासद कोण? आमच्या वस्तीतला मुलगा वर्गणी भरून पुस्तक नेतो, तो नुसता वाचक की मतदार? मतदार सभासदांची यादी वाचनालयाच्या फलकावर लागावी, आणि अनुदानाच्या तपासणीत ती पाहिली जावी.