सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (जन्म : १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद, मृत्यू : ११ जून १९६३, हैदराबाद) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या राष्ट्रीय संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळवली, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. पेशाने शिक्षक असलेले रहीम क्रीडाविश्वात रहीम साहेब या नावाने ओळखले जात. १९५१ ते १९६२ हा काळ भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग मानला जातो आणि त्या युगाचे शिल्पकार म्हणून रहीम यांचे नाव घेतले जाते.

पार्श्वभूमी

रहीम यांचा जन्म झाला तेव्हा हैदराबाद हे ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. निजामाच्या या राज्याचे स्वतःचे नाणे, टपाल आणि रेल्वे होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन भाषिक प्रदेश त्यात सामावलेले होते. मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे पाच जिल्हे या राज्याचा भाग होते. उस्मानाबाद शहर आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ या दोहोंना सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचेच नाव मिळाले होते. येडेश्वरीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या येरमाळ्यासारख्या गावांचाही राज्यकारभार हैदराबादहून चाले आणि उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील विद्यार्थी हैदराबादला जात.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हे संस्थान भारतात विलीन झाले. राज्य पुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. रहीम यांच्या प्रशिक्षणाचा बहराचा काळ या दोन्ही घटनांना व्यापून आहे. हैदराबाद हे राज्य नकाशावरून गेले, तरी तेथे घडलेली फुटबॉलची शैली पुढे संपूर्ण देशाच्या संघाची शैली बनली.

शिक्षण आणि शिक्षकी पेशा

रहीम यांनी उस्मानिया विद्यापीठातून कला शाखेची पदवी घेतली. विद्यार्थीदशेत ते विद्यापीठाच्या संघाकडून खेळत. पुढे स्थानिक संघांतूनही ते खेळले. मात्र खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द हैदराबादपुरती मर्यादित राहिली. पदवीनंतर त्यांनी हैदराबादमधील शाळांमध्ये अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवल्यानंतर शाळेतील खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

शिक्षकी पेशाचा ठसा त्यांच्या प्रशिक्षणावर अखेरपर्यंत राहिला. शिस्त, वेळेचे बंधन आणि एकच कौशल्य पक्के होईपर्यंत घोटून घेणे हा त्यांचा शिरस्ता होता. खेळाडूंची मानसिक तयारी करून घेण्यातही त्यांचा हातखंडा होता. १९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. अशा रीतीने संघटन, प्रशिक्षण आणि नव्या खेळाडूंचा शोध ही तिन्ही कामे त्यांच्याकडे एकवटली.

हैदराबाद सिटी पोलीस

त्या काळी भारतीय फुटबॉलचे केंद्र कोलकाता होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन संघांचा दबदबा होता. त्यांना खरे आव्हान दक्षिणेतून मिळाले ते रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाकडून. १९५० मध्ये या संघाने ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा पराभव केला.

पोलीस संघाची सर्वांत मोठी कामगिरी मुंबईत घडली. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील जुन्या आणि प्रतिष्ठित स्पर्धांपैकी एक होती व तिचे सामने कूपरेज मैदानावर होत. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. संतोष चषक या राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही हैदराबादने १९५६ आणि १९५७ मध्ये लागोपाठ विजेतेपद मिळवले. या दोन्ही वेळी अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी मुंबईचा संघ होता.

प्रशिक्षण पद्धती

भारतीय खेळाडूंचे पायांवरील कौशल्य चांगले असले, तरी चेंडू फार वेळ स्वतःजवळ ठेवण्याची सवय संघाला घातक ठरते, असे रहीम यांचे निदान होते. ही सवय मोडण्यासाठी त्यांनी हैदराबादमध्ये वेगळ्या नियमांच्या स्पर्धा भरवल्या. काही स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देत चेंडू पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू मिळताच सहकाऱ्याकडे द्यावा लागे. काही स्पर्धांत खेळाडूला केवळ आपल्या कमजोर पायानेच खेळण्याची मुभा असे. यातून एका स्पर्शात चेंडू पुढे देणारे आणि दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने खेळणारे खेळाडू तयार झाले.

शरीरयष्टी आणि ताकद यांत युरोपीय संघ भारतापेक्षा वरचढ होते. म्हणून जमिनीलगतचे आखूड पास, वेग आणि जागा बदलत राहणे यांवर त्यांनी भर दिला. परदेशांतील बदलत्या डावपेचांचा ते बारकाईने अभ्यास करत. १९५० च्या दशकात हंगेरीच्या संघाने मध्यवर्ती आघाडीपटूला मागे खेचून प्रतिस्पर्ध्यांचा बचाव विस्कळीत करण्याची पद्धत रूढ केली होती. रहीम यांनी ती भारतीय संघात आणली. पुढे चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू ही ४-२-४ रचना भारतात रुजवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

होतकरू खेळाडू हेरण्याची त्यांची दृष्टी तीक्ष्ण होती. सिकंदराबादच्या गरीब कुटुंबातील तुलसीदास बलराम हे त्याचे ठळक उदाहरण होय. सरावासाठी हैदराबादला येण्याचा खर्च बलराम यांना परवडत नसे, तेव्हा रहीम त्यांना भाड्याच्या सायकलसाठी पैसे देत. बलराम पुढे दोन ऑलिंपिक स्पर्धा खेळले आणि देशाच्या सर्वोत्तम आघाडीपटूंमध्ये गणले गेले.

राष्ट्रीय संघ : दिल्ली आणि हेलसिंकी

स्वतंत्र भारताचा संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम खेळला. त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि फ्रान्सविरुद्धचा सामना त्यांनी अवघ्या एका गोलच्या फरकाने, १–२ असा गमावला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली तेव्हा प्रशिक्षक रहीम होते, तर कर्णधार शैलेन मन्ना. भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३–० असे हरवले. अंतिम सामन्यात शेओ मेवालाल यांच्या गोलमुळे इराणवर १–० असा विजय मिळाला.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १–१० असा धुव्वा उडवला. थंड हवेत अनेक भारतीय खेळाडू अनवाणीच खेळले होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. बूट घालून खेळण्याची सवय आणि बदललेले डावपेच या दोन्ही गोष्टी अंगवळणी पाडून घेण्याचे काम रहीम यांच्यापुढे होते.

मेलबर्न, १९५६

हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बरोबर एक महिना झाला असताना, १ डिसेंबर १९५६ रोजी, भारतीय संघ मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला होता. कर्णधारपद समर बॅनर्जी यांच्याकडे होते. संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम हे हैदराबादच्या मुशीत घडलेले खेळाडू होते. गोलरक्षक एस. एस. नारायण आणि आघाडीपटू नेव्हिल डिसूझा हे मुंबईच्या फुटबॉलमधून आलेले होते.

मूळच्या गोमंतकीय असलेल्या डिसूझा यांनी या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. भारताने सामना ४–२ असा जिंकला. उपान्त्य फेरीत गाठ पुन्हा युगोस्लाव्हियाशी पडली. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. त्यानंतर ५२ व्या मिनिटाला डिसूझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. ती फार काळ टिकली नाही. युगोस्लाव्हियाने चार गोल झाले आणि सामना ४–१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले. डिसूझा चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले.

चार वर्षांपूर्वी ज्या संघाकडून दहा गोल स्वीकारावे लागले, त्याच संघाविरुद्ध उपान्त्य फेरीत काही काळ का होईना आघाडीवर असणे, यातून रहीम यांच्या कामाचे मोल कळते.

रोम, १९६०

रोम ऑलिंपिकसाठी पी. के. बॅनर्जी कर्णधार होते. भारताचा गट अवघड होता. हंगेरीकडून १–२ असा निसटता पराभव झाला. फ्रान्सविरुद्ध बॅनर्जी यांच्या गोलमुळे १–१ अशी बरोबरी साधता आली. पेरूविरुद्धचा सामना संघाने १–३ असा गमावला. हंगेरी व पेरू यांच्याविरुद्धचे दोन्ही गोल बलराम यांचे होते. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेही या चमूत होते. त्यानंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकसाठी एकदाही पात्र ठरलेला नाही.

जकार्ता, १९६२

१९५४ च्या मनिला आणि १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धांत भारताला फुटबॉलचे पदक मिळाले नव्हते. १९६२ ची स्पर्धा जकार्ता येथे झाली. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा चळवळीचे एक संस्थापक असलेल्या गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर विरोध केल्याने तेथील जनमत भारताविरुद्ध भडकले. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. मैदानात भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवली जाऊ लागली.

स्पर्धेची सुरुवातही पराभवाने झाली. दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंडला ४–१ आणि जपानला २–० असे नमवले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले आणि जपानविरुद्ध ते खेळू शकले नाहीत. उपान्त्य फेरीत रहीम यांनी धाडसी निर्णय घेतला. जखमी जर्नेल यांना बचावफळीत न खेळवता त्यांनी आघाडीला उभे केले. भारताने दक्षिण व्हिएतनामवर ३–२ असा विजय मिळवला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया होता. खचाखच भरलेल्या मैदानातील बहुसंख्य प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. कर्णधार चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम यांच्यासह जर्नेल आघाडीला खेळले. आजारातून उठलेले पीटर थंगराज गोलरक्षणाला परतले. मध्यफळीत गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये नाव कमावलेले फॉर्चुनाटो फ्रँको होते. गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. सतराव्या मिनिटाला बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल यांनी गोल केला. कोरियाला अखेरच्या टप्प्यात एकच गोल करता आला. २–१ अशा विजयासह भारताने दुसरे सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर भारताला आजवर मिळालेले नाही.

निधन

रहीम यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. जकार्तातील विजय ही त्यांची राष्ट्रीय संघासोबतची अखेरची मोठी कामगिरी ठरली. अंतिम सामन्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत हैदराबाद सिटी पोलीस संघाशी असलेले त्यांचे नाते कायम होते.

वारसा

रहीम यांनी घडवलेल्या खेळाडूंच्या बळावर भारतीय संघ आणखी काही काळ आशियात आघाडीवर राहिला. १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. त्यानंतर मात्र उतरण सुरू झाली. देशाला खेळाडू मिळत राहिले, पण शालेय मुलांपासून राष्ट्रीय संघापर्यंत एकाच विचाराने खेळ घडवणारी व्यवस्था रहीम यांच्यामागे उभी राहिली नाही. ती बऱ्याच अंशी एका व्यक्तीच्या परिश्रमांवर उभी होती आणि त्या व्यक्तीसोबतच संपली, असे या काळाचे मूल्यमापन केले जाते. हैदराबादचे देशाच्या फुटबॉलमधील स्थानही हळूहळू ओसरले.

त्यांच्या हाताखाली खेळलेल्या पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी आणि जर्नेल सिंग यांना १९६० च्या दशकात अर्जुन पुरस्कार मिळाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार मात्र १९८५ मध्ये, म्हणजे रहीम यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनी सुरू झाला. पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९७० चे कांस्यपदक मिळाले तेव्हा संघाच्या प्रशिक्षणात त्यांचा वाटा होता. रहीम यांचे पुत्र हकीम यांनीही खेळाडू, प्रशिक्षक आणि आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नाव मिळवले व २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला.

रहीम यांच्या जीवनावर आधारित मैदान हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अमित शर्मा यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून रहीम यांची भूमिका अजय देवगण यांनी साकारली आहे. या चित्रपटामुळे मैदानाबाहेर राहून संघ घडवणाऱ्या या शिक्षकाचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले.