क्रीडागुरू जो लॅपचिक

थोर पुरुषांची चरित्रे आपण आवडीने वाचतो व मुलांना वाचावयास देतो. परंतु क्रीडांगणावर ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांना या चरित्रमालांत क्वचितच स्थान मिळते. खेळ म्हणजे बालपणीची करमणूक आणि खेळाडू म्हणजे चार दिवसांचा नायक, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी आहे असे नाही. अंगातील बळ ओसरले की बहुतेक खेळाडू विस्मृतीत जातात. मात्र शरीराने कमावलेली विद्या जो पुढील पिढीच्या हाती देतो, त्याचे जीवन खेळापुरते उरत नाही. अमेरिकेतील विख्यात बास्केटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याहूनही अधिक मान पावलेले जो लॅपचिक यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. ज्याची शाळा लहानपणीच सुटली, तो मनुष्य विद्यापीठातील तरुणांचा गुरू कसा झाला, आणि त्या गुरुपदाचा अर्थ त्याने काय लावला, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

जो लॅपचिक यांचा जन्म १२ एप्रिल १९०० रोजी न्यू यॉर्क शहराला लागून असलेल्या याँकर्स या गावी झाला. त्यांचे आईवडील चेक वंशाचे. युरोपातून पोटासाठी अमेरिकेत आलेल्या असंख्य कष्टकरी कुटुंबांपैकीच हे एक कुटुंब होते. घरची स्थिती बेताची असल्यामुळे आठवी इयत्तेनंतर मुलाचे शिक्षण थांबले व तो कारखान्यात कामाला लागला. त्याची उंची मात्र झपाट्याने वाढत होती. पुढे ती सहा फूट पाच इंच भरली. त्या काळी एवढ्या उंचीचा मनुष्य हा रस्त्यावरील पोरांच्या चेष्टेचा विषय होई; पण बास्केटबॉलच्या मैदानावर हीच उंची त्याचे भांडवल ठरली.

हा खेळ तेव्हा स्वतःच बाल्यावस्थेत होता. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तो शोधून काढला. पंचवीस-तीस वर्षांत तो गावोगाव पोहोचला. नृत्यगृहे, छावण्यांतील दालने, जेथे जागा मिळेल तेथे सामने होत. पुष्कळ ठिकाणी मैदानाभोवती तारेची किंवा दोरीची जाळी असे. तिच्यावर आदळून खेळाडूंची अंगे सोलून निघत. प्रत्येक गोलानंतर मध्यभागी पंच चेंडू उंच उडवी आणि दोन्ही संघांचे उंच खेळाडू त्यासाठी झेप घेत. हा नियम १९३७ पर्यंत चालू होता. ज्या संघाचा मधला खेळाडू ही झेप जिंकी, त्याच्याच हाती पुन्हा पुन्हा चेंडू येई. लॅपचिक यांचे महत्त्व कशात होते, हे यावरून ध्यानात येईल.

आरंभी खेळाडूंना वार्षिक करार असा नव्हता. जो व्यवस्थापक अधिक पैसे देईल, त्याच्यासाठी त्या रात्री खेळावयाचे, अशी पद्धत होती. तरुण लॅपचिक एकाच हंगामात निरनिराळ्या संघांतून खेळत आणि व्यवस्थापकांशी घासाघीस करून आपला मेहनताना वाढवून घेत. ही पद्धत मोडली ती न्यू यॉर्कच्या ओरिजिनल सेल्टिक्स या संघाने. त्याच्या चालकांनी खेळाडूंना करारबद्ध करून कायम एकत्र ठेवले. १९२३ मध्ये लॅपचिक या संघात आले. नॅट होलमन, डच डेनर्ट यांसारखे कसलेले गडी तेथे होते. रोज एकत्र खेळल्यामुळे कोण कोठे धावेल हे त्यांना न पाहताच कळे. चेंडू देऊन लगेच मोकळ्या जागी धाव घ्यावयाची, पाठीमागून आलेल्या सोबत्याच्या हाती तो अलगद सोपवावयाचा, बचावाच्या वेळी एकमेकांचे प्रतिस्पर्धी क्षणात बदलून घ्यावयाचे, अशा युक्त्या या संघाने रूढ केल्या. लॅपचिक यांच्यासाठी हीच शाळा आणि हेच महाविद्यालय ठरले.

सेल्टिक्स संघाने १९२७ व १९२८ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकन बास्केटबॉल लीगचे अजिंक्यपद मिळविले. त्याचे वर्चस्व इतके वाढले की स्पर्धेतील चुरसच नाहीशी झाली आणि शेवटी संघ मोडून त्याचे खेळाडू इतरत्र वाटण्यात आले. लॅपचिक क्लीव्हलंडच्या रोझेनब्लम संघात गेले; त्या संघाने १९२९ व १९३० चे अजिंक्यपद पटकाविले. पुढे आर्थिक मंदीच्या लाटेत तो संघही बुडाला, तेव्हा लॅपचिक यांनी जुन्या सोबत्यांना जमवून सेल्टिक्सची पुन्हा उभारणी केली. मोटारीत दाटीवाटीने बसून, गावोगाव फिरून, रात्री सामना व पहाटे प्रवास असे जीवन त्यांनी १९३६ पर्यंत काढले.

या भ्रमंतीतील एक प्रसंग त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात बॉब डग्लस यांनी १९२३ मध्ये स्थापन केलेला रेनेसाँ हा निग्रो खेळाडूंचा संघ सेल्टिक्सच्या तोडीचा होता. एका हंगामात त्याने सलग ८८ सामने जिंकले आणि ही विजयमालिका खंडित केली ती सेल्टिक्सनेच. पण मैदानावर वाहवा मिळविणाऱ्या या खेळाडूंना सामना संपल्यावर उपाहारगृहात जेवण वा वसतिगृहात खोली मिळत नसे. त्यांच्यातील मधला खेळाडू ‘टारझन’ कूपर हा लॅपचिक यांचा खरा प्रतिस्पर्धी. सामन्याच्या आरंभी दोघे मध्यभागी समोरासमोर आले की लॅपचिक केवळ हस्तांदोलन करून थांबत नसत. ते कूपरला सर्वांदेखत मिठी मारीत. वर्णभेद ज्यांच्या हाडीमासी खिळला होता अशा प्रेक्षकांना ते रुचत नसे. लॅपचिक यांनी त्याची पर्वा केली नाही.

१९३६ मध्ये त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाने त्यांना आपल्या संघाचे प्रशिक्षक नेमले. आठवी इयत्ता शिकलेला मनुष्य आता पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे उभा राहणार होता, आणि या उणिवेची त्यांच्या मनाला धास्ती होती. अध्यापनाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यातील दुसरी अडचणही सहज कळेल. स्वतःला एखादी गोष्ट करता येणे निराळे आणि ती दुसऱ्याला करावयास शिकविणे निराळे. हातापायांनी आपोआप होणारी कृती शब्दांत उलगडून सांगावयाची म्हणजे ती नव्याने शिकण्यासारखेच असते. सेल्टिक्समध्ये जे नकळत अंगवळणी पडले होते, ते त्यांना तुकड्यातुकड्यांनी मांडावे लागले. त्यांनी ते साधले. १९४३ मध्ये त्यांच्या संघाने नॅशनल इन्व्हिटेशन ही त्या काळची अत्यंत प्रतिष्ठेची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली; आणि १९४४ मध्ये जॉर्ज मायकन या उंच व बलाढ्य खेळाडूच्या डी पॉल संघाला अंतिम सामन्यात हरवून ती पुन्हा जिंकली. ही स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिलाच संघ.

१९४७ मध्ये त्यांना न्यू यॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे पाचारण आले. १९५१, १९५२ व १९५३ अशी तीन वर्षे त्यांनी या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत नेले आणि तिन्ही वेळा यशाने हुलकावणी दिली. १९५१ मध्ये रॉचेस्टरविरुद्ध पहिले तीन सामने गमावूनही त्यांच्या संघाने पुढील तीन जिंकून बरोबरी साधली. सातव्या सामन्यात मात्र ७९ विरुद्ध ७५ असा अवघ्या चार गुणांनी पराभव झाला. उरलेल्या दोन वर्षी मायकनच्याच मिनियापोलिस संघाने त्यांना रोखले. अजिंक्यपद नसले तरी या काळात त्यांच्या हातून एक मोठे कार्य घडले. १९५० मध्ये निक्सने नॅट क्लिफ्टन या निग्रो खेळाडूला करारबद्ध केले. राष्ट्रीय लीगमध्ये त्या वर्षी प्रथमच प्रवेश मिळालेल्या तिघांपैकी तो एक. या निर्णयाचा राग लॅपचिक यांच्या घरावर निघाला. दूरध्वनीवरून शिवीगाळ होऊ लागली. एके दिवशी तर घरासमोरील झाडाला त्यांची प्रतिकृती फासावर लटकविलेली आढळली. त्यांच्या लहानग्या मुलाने ती खिडकीतून पाहिली. हाच मुलगा रिचर्ड पुढे मोठेपणी क्रीडाक्षेत्रातील वर्णभेदाविरुद्ध झगडणारा कार्यकर्ता म्हणून प्रसिद्धीस आला.

याच सुमारास अमेरिकन बास्केटबॉलवर मोठा कलंक आला. १९५१ मध्ये असे उघडकीस आले की अनेक महाविद्यालयांतील खेळाडू जुगाऱ्यांकडून पैसे घेत होते. यातील मेख अशी की जुगार कोण जिंकेल यावर नव्हे, तर किती गुणांच्या फरकाने जिंकेल यावर चाले. खेळाडूने हरावयाचे नव्हते. फक्त दहाऐवजी चार गुणांनी जिंकावयाचे होते. संघ जिंकतो, महाविद्यालयाचा मान राहतो, मग यात वाईट ते काय, असे कोवळ्या मनाला भासविणे सोपे होते. सात महाविद्यालयांतील ३२ खेळाडू यात अडकले. काहींना तुरुंगवास घडला आणि व्यावसायिक संघांची दारे त्यांना कायमची बंद झाली. लाँग आयलंड विद्यापीठाचा शर्मन व्हाइट हा देशातील अव्वल खेळाडू. तो निक्समध्ये येणार असे मानले जात होते. तो मैदानाऐवजी तुरुंगात गेला. १९५० मध्ये दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा सिटी कॉलेजचा संघही यात सापडला. त्याचे प्रशिक्षक होते लॅपचिक यांचे जुने सोबती नॅट होलमन. होलमन यांचा या व्यवहारात हात नव्हता. तरी १९५२ मध्ये त्यांना निलंबित करण्यात आले व १९५४ मध्ये पुन्हा कामावर घेण्यात आले.

लॅपचिक यांच्या मनावर याचा खोल परिणाम झाला. त्यांनी या प्रकरणाची वृत्तपत्रांतील कात्रणे जमवून एका वहीत चिकटविण्यास आरंभ केला. बेड्या घातलेल्या मुलांची छायाचित्रे, न्यायालयातील हकीकती, मानहानीने खचलेली कुटुंबे, हे सर्व त्या वहीत होते. १९५६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी निक्सची जागा सोडली. सामन्याचा ताण ते इतका मनाला लावून घेत की त्यांची झोप उडे व अन्न गोड लागत नसे. त्याच वर्षी ते सेंट जॉन्स विद्यापीठात परतले. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. संघातील प्रत्येक मुलाने ती वही घरी न्यावयाची, वाचावयाची आणि वाचल्याची सही करावयाची. लांबलचक उपदेशापेक्षा या वहीचा त्यांना अधिक भरवसा होता. १९६१ मध्ये तशाच स्वरूपाचे दुसरे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा ही दक्षता अनाठायी नव्हती हे सर्वांना पटले. चेंडू कसा टाकावा हे शिकविणारे पुष्कळ असतात. हातात चेंडू असताना मोह कसा टाळावा हेही शिकविणे आपल्या कामाचाच भाग आहे, असे लॅपचिक मानीत.

सेंट जॉन्सच्या या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी १९५९ मध्ये नॅशनल इन्व्हिटेशन स्पर्धा पुन्हा जिंकली. यानंतर आली निवृत्ती. वयाची ६५ वर्षे पूर्ण होताच सेवेतून मुक्त व्हावे, असा विद्यापीठाचा नियम होता. अंगात उमेद होती, शिष्य ऐन भरात होते. तरी नियम तो नियम. १९६५ च्या मार्च महिन्यात त्यांचा अखेरचा सामना झाला, आणि तोही याच स्पर्धेचा अंतिम सामना. विलानोव्हा संघाविरुद्ध सेंट जॉन्सने ५५ विरुद्ध ५१ असा विजय मिळविला. चौथ्यांदा ती ढाल जिंकून देऊन शिष्यांनी गुरूला निरोप दिला. यापेक्षा मोलाची गुरुदक्षिणा कोणती असू शकेल? सेंट जॉन्स येथील दोन्ही कारकिर्दी मिळून त्यांच्या संघांनी ३३४ सामने जिंकले व १३० गमावले. निक्ससह ३२६ विजय व २४७ पराभव. त्यांचे सहायक लू कार्नेसेका यांनी त्यांची जागा घेतली व तेही पुढे नामांकित प्रशिक्षक झाले.

१९६६ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉलच्या मानदालनात खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. १० ऑगस्ट १९७० रोजी न्यू यॉर्क संस्थानातील माँटिसेलो येथे त्यांचे देहावसान झाले.

लॅपचिक यांनी जिंकलेल्या ढालींची गणती करता येते. तीन वर्षे हातातोंडाशी येऊन निसटलेल्या अजिंक्यपदाची खंतही सांगता येते. परंतु त्यांच्या हाताखालून गेलेल्या किती मुलांनी ती वही वाचून एखाद्या रात्री जुगाऱ्याला नकार दिला असेल, याची नोंद कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. शिक्षकाच्या कामाचा मोठा भाग असा नोंदीबाहेरच राहतो. आपल्या मुलांना खेळासाठी मैदानावर पाठविताना पालकांनी त्यांची बक्षिसे अवश्य मोजावी. पण त्यांना शिकविणारा मनुष्य कसा आहे, हे त्याआधी पाहावे.