विश्लेषण : मान्सूनचा अंदाज शोधताना ‘एल निनो’चे दुसरे टोक कसे सापडले?

दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान विभागाचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही येतो, यंदा ‘एल निनो’ आहे का? पेरूजवळचा समुद्र तापला की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला घोर लागतो. हजारो किलोमीटर दूरच्या या नात्याचा धागा पहिल्यांदा पकडला तो भारतात नोकरीला आलेल्या एका गणितज्ञाने. त्यांचे नाव सर गिल्बर्ट वॉकर.

गिल्बर्ट वॉकर कोण होते?

जन्म १८६८ चा, इंग्लंडमधील रॉचडेलचा. १८८९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते पहिले आले. पुढे प्रकृती ढासळली आणि विश्रांतीसाठी त्यांना स्वित्झर्लंड गाठावे लागले. फिरून परत येणाऱ्या बूमरँगचे त्यांना वेड होते. त्याच्या गतीवर त्यांनी शोधनिबंधही लिहिला. हवामानशास्त्राचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही १९०४ मध्ये ते भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले. १९१३ मध्ये मद्रासला गेले असता त्यांनी श्रीनिवास रामानुजन यांचे काम पाहिले आणि मद्रास विद्यापीठाकडे त्यांची शिफारस केली. त्यानंतर रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

हवामान खात्यात गणितज्ञ कशासाठी?

कारण होते दुष्काळ. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत लाखो माणसे दगावली. पावसाचा अंदाज देण्याचे काम खात्याने १८८० च्या दशकातच सुरू केले होते. त्यासाठी हिमालयातील बर्फाचा आधार घेतला जाई. पण १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात पावसाने दगा दिला. जुन्या ठोकताळ्यांवर विसंबता येणार नाही, हे उघड झाले. वॉकर यांच्यापुढे प्रश्न एकच होता, पाऊस कधी दगा देणार हे आधी कळेल का?

त्यांनी काय केले?

भारतातल्या पावसाचे कारण भारतातच असेल, हे त्यांनी गृहीत धरले नाही. जगभरातील केंद्रांवरून हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या जुन्या नोंदी मागवल्या. एका ठिकाणचा आकडा वर गेला की दुसऱ्या ठिकाणचा वर जातो की खाली, हे ते तपासत राहिले. आज लॅपटॉप काही सेकंदांत उरकेल असे हे काम खात्यातील भारतीय कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे कागदावर, हाताने केले.

यात एक धोका होता. हजार जणांनी दहा-दहा वेळा नाणे उडवले, तर एखाद्याला सलग दहा वेळा छापा पडण्याची शक्यता बरीच असते. तसेच शेकडो जोड्या तपासल्या की काही निव्वळ योगायोगाने जुळतात. वॉकर यांना हे ठाऊक होते. खरे नाते आणि योगायोग वेगळे कसे ओळखायचे, याचा निकष त्यांनी १९१४ मध्ये मांडला.

मग हाती काय लागले?

एक प्रचंड सी-सॉ. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागर, इंडोनेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया या बाजूला तो घटतो. इकडे वाढला की तिकडे घटतो. इकडच्या बाजूला दाब चढा असतो, त्या वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. वॉकर यांनी याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. १९२४ मध्ये ते निवृत्त होऊन लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात प्राध्यापक झाले.

पण हा सी-सॉ हलवते कोण, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. कारण सांगता न आल्याने अनेकांनी हे काम बाजूला सारले. नोव्हेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शोधातून जागतिक हवामानाचा सिद्धान्त उभा राहील असे काही दिसत नाही, असा सूर एका शास्त्रीय नियतकालिकातील मृत्युलेखाने लावला.

समुद्राशी नाते कसे जुळले?

योगायोग असा की, त्याच सुमारास उत्तर जमा होत होते. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात समुद्राच्या भरपूर नोंदी झाल्या आणि नेमका तेव्हाच मोठा एल निनो आला. पाणी फक्त पेरूच्या किनाऱ्यालाच नव्हे, तर प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंत तापले होते. १९६० च्या दशकात जेकब ब्यर्कनेस यांनी या नोंदींवरून कोडे सोडवले.

एरवी व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा वर चढते, पाऊस पाडते आणि पूर्वेकडे जाऊन खाली उतरते. पूर्वेचा समुद्र तापला की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक घटतो, वारे मंदावतात. वारे मंदावले की उबदार पाणी आणखी पूर्वेला सरकते. समुद्र हवेला आणि हवा समुद्राला ढकलत राहते. वॉकर यांना दिसला तो दाबाचा सी-सॉ आणि एल निनो ही एकाच घडामोडीची दोन टोके निघाली. हवेच्या या चक्राला ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये ‘वॉकर सर्क्युलेशन’ असे नाव दिले.

आता अंदाज अचूक येतो का?

पूर्वीपेक्षा बराच. १९८२-८३ च्या तीव्र एल निनोने शास्त्रज्ञांना बेसावध गाठले. त्यानंतर प्रशांत महासागरात विषुववृत्तालगत सुमारे ७० तरंगती यंत्रे नांगरण्यात आली आणि एल निनोची चाहूल काही महिने आधी लागू लागली.

तरी एल निनो म्हणजे दुष्काळच, असे समीकरण नाही. १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००९ मध्ये एल निनो त्याहून सौम्य होता, पण पाऊस सरासरीच्या ७८ टक्क्यांवरच थांबला. मोसमी पावसावर हिंदी महासागराच्या तापमानासह इतरही घटकांचा हात असतो.

पुण्याशी काय संबंध?

वॉकर यांच्या निवृत्तीनंतर, १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. पाऊस नक्की किती पडेल, हे वॉकर यांना अखेरपर्यंत खात्रीने सांगता आले नाही. पण आभाळाकडे बघताना दूरच्या समुद्राकडेही बघायला हवे, ही वाट त्यांच्या आकडेमोडीने उघडली. एप्रिलमधला अंदाज वाचताना त्यातली टक्केवारी ही हमी नसून शक्यता आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.