माळावरच्या लांडग्याची पहिली नोंद करणारा कर्नल सायक्स

शिरूर-दौंड : माळावर लांडगा दिसला की आज लगेच व्हिडिओ व्हायरल होतो. पण याच लांडग्याची शास्त्रीय नोंद १८३१ साली केली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं. त्याचं नाव विल्यम हेन्री सायक्स.

जन्म १७९० चा, इंग्लंडमधला. पोरवयातच तो कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८१७ ला खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला, त्यामुळं आपल्याकडं त्याचं कौतुक व्हायचं काही कारणच नव्हतं. १८२४ मध्ये एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं. मग पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा सगळा मुलूख त्यानं पालथा घातला. पिकं, पाऊस, माणसं, नदीतले मासे, सगळं लिहून काढलं. गावकऱ्यांच्या तोंडची नावंही टिपली. रानकुत्र्याला कोळसून, चिंकाऱ्याला कळसिपी. चिंकाऱ्याचं शास्त्रीय नावही त्यानंच दिलं.

त्या काळी साहेब लोकांचा मैदानी खेळ म्हणजे शिकार. घोड्यावर बसून, भाला घेऊन रानडुकरामागं धावायचं. खुद्द एल्फिन्स्टनलाही हा नाद होता. सायक्सचे नमुनेही जनावरं मारूनच लंडनला गेले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढं तो कंपनीचा अध्यक्ष झाला, खासदार झाला. १८७२ मध्ये वारला. बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर बंधनं आली.

बंदूक गेली, पण जीप आणि कॅमेरा आला. सुट्टीच्या दिवशी माळावर गाड्या कुठूनही घुसतात. पिल्लं असलेल्या बिळाजवळ गर्दी झाली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते. मेंढपाळ त्याच माळावर पिढ्यान्‌पिढ्या राहतोय. मेंढरू गेलं तर नुकसान त्याचं, फोटो मात्र दुसऱ्याचा. म्हणूनच वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. आधी नोंदणी, ठरलेल्या वाटा आणि सोबत स्थानिक गाईड. शिर्सुफळ दौंडकरांना काही लांब नाही.

सायक्सच्या यादीत एक तुरेवाला चंडोलही होता. इंग्रजीत तो आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. हा पक्षी घरटं करतो ते जमिनीवर, गवताच्या बुडाशी. जीपमधून ते दिसत नाही.