राज्य सांभाळून परत करणारे दिवाण : राजा सर टी. माधवराव

बडोदे म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पहिले नाव उमटते ते महाराज सयाजीराव गायकवाड यांचे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, कलांना आणि विद्वानांना दिलेला उदार आश्रय ही त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीची ओळख. मात्र सयाजीराव गादीवर आले तेव्हा ते अवघे बारा वर्षांचे होते. त्यांच्या वतीने सहा वर्षांहून अधिक काळ ज्यांनी बडोद्याचा कारभार वाहिला, ते दिवाण राजा सर टी. माधवराव आज आपल्याकडे क्वचितच आठवले जातात. त्या काळच्या संस्थानात दिवाण हे पद आजच्या मुख्यमंत्र्याहूनही भारी होते. महसूल, न्याय, पोलीस, शिक्षण, बांधकाम आणि ब्रिटिश सरकारशी व्यवहार या साऱ्या खात्यांचा भार त्या एका व्यक्तीच्या शिरावर असे. राजा अज्ञान असेल, तर तो भार दुप्पट होई.

माधवरावांच्या नावातील 'टी' हे अक्षर तंजावरचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावरास राज्य स्थापन केले आणि त्यांच्या मागोमाग अनेक देशस्थ घराणी कावेरीकाठी स्थिरावली. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहूनही या घरांनी मराठी टिकवली. अशाच एका घराण्यात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानाचे दिवाणपद भूषविले होते. राज्यकारभाराची भाषा माधवरावांच्या कानावर बालपणापासूनच पडत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मद्रासच्या सरकारी हायस्कुलात एअर बर्टन पॉवेल या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली ते शिकले आणि १८४६ मध्ये विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण झाले. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. काही काळ मद्रासच्या महालेखापाल कार्यालयात नोकरी केल्यावर १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविण्यासाठी त्यांना बोलावणे आले. त्या विद्यार्थ्यांपैकी आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे दोघे पुढे क्रमाने त्रावणकोरचे महाराज झाले. शिक्षकाचे काम संपल्यावर माधवराव महसूल खात्यात शिरले, वरच्या पायऱ्या भराभर चढले आणि तिशीच्या उंबरठ्यावर असतानाच त्रावणकोरचे दिवाण झाले.

संस्थानाची तिजोरी त्या वेळी रिती होती आणि कर्जाचा बोजा मोठा होता. माधवरावांनी मिरी आणि तंबाखू यांवरील सरकारी मक्तेदारी मोडून व्यापार मोकळा केला, जकातीचा जाच कमी केला आणि कर्ज फेडले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीची मालकी मिळाली. १८६७ च्या दुसऱ्या जाहीरनाम्याने खासगी जमीनदारांच्या कुळांनाही मनमानीपासून संरक्षण दिले. कसणाऱ्याच्या हाती जमिनीचा हक्क असावा, हा प्रश्न आपल्या गोव्यात मुक्तीनंतर कूळ कायद्याच्या रूपाने ऐरणीवर आला. त्रावणकोरात तो शंभर वर्षे आधी हाताळला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८६६ मध्ये ब्रिटिश सरकारने माधवरावांना 'सर' हा किताब दिला.

या यशाला एक काळी कडाही आहे. दक्षिण त्रावणकोरातील नाडार समाजाच्या स्त्रियांनी अंगावर वरचे वस्त्र घेण्याचा हक्क मागितला, तेव्हा दंगली उसळल्या. त्या वेळी माधवरावांचे प्रशासन रूढीच्या मर्यादा ओलांडावयास धजले नाही. १८५९ मध्ये महाराजांच्या जाहीरनाम्याने त्या स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली खरी, परंतु उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र नेसण्याची मनाई कायम राहिली. अर्थकारणात धाडसी असलेला हा प्रशासक सामाजिक प्रश्नात जपून पावले टाकी, आणि ती सावधगिरी कधी कधी अन्यायाच्या पदरी पडे.

आयिल्यम तिरुनाळ १८६० मध्ये गादीवर आले. ज्यांना हाताला धरून शिकविले, त्याच महाराजांचे दिवाण म्हणून माधवरावांनी बारा वर्षे काम केले. परंतु अखेरीस दोघांचे मन एकमेकांवरून उडाले आणि १८७२ मध्ये माधवराव पायउतार झाले. शिष्य सत्ताधीश झाला की गुरूच्या अधिकाराचे त्याला ओझे होते, हा धडा त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळाला. पुढच्याच वर्षी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आपल्या दिवाणपदी बोलावले. तेथून दोन वर्षांनी त्यांना बडोद्याचा मार्ग धरावा लागला.

बडोद्यात तेव्हा पुरती अंदाधुंदी होती. मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविरुद्ध रयतेच्या आणि सरदारांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ब्रिटिश सरकारने १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सुधारणा घडवून आणण्यासाठी १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले, परंतु एकीकडे महाराजांचा दरबार आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर अशा कात्रीत सापडून त्यांनी लवकरच राजीनामा दिला. त्याच सुमारास फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप महाराजांवर आला. खटल्यासाठी नेमलेल्या आयोगात तीन ब्रिटिश आणि तीन भारतीय सदस्य होते, आणि त्यांची मते सरळ दोन गटांत विभागली गेली. तरीही कुशासनाचे कारण देऊन सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला धाडले.

गादी रिकामी झाली. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी मालेगावजवळच्या कवळाणे गावातील गोपाळराव या शेतकरी घरच्या मुलाला २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. हेच सयाजीराव. राजा बालक, दरबार संशयाने पोखरलेला, रयत पिळून निघालेली आणि दाराशी ब्रिटिशांचा पहारा, अशा परिस्थितीत माधवरावांनी सूत्रे हाती घेतली.

पहिला प्रश्न सारावसुलीचा होता. इजारा घेणारे मक्तेदार ठरावीक रक्कम सरकारात भरून शेतकऱ्यांकडून हवी तेवढी वसुली करीत. काही सरदारांकडे वसुलीचे हक्क वंशपरंपरेने चालत आले होते. माधवरावांनी इजाऱ्याची पद्धत मोडली, थकबाकीचा भार हलका केला आणि वसुली पगारी नोकरांकडे सोपविली. मल्हाररावांकडून जवाहिराचे पैसे येणे असल्याचे सांगणारे सराफ आणि पूर्वीच्या राजवटीत दुखावलेले मानकरी यांचे दावे एकेक करून निकालात काढावे लागले. महसूल आणि न्याय ही कामे निरनिराळ्या हातांत देऊन न्यायालयांची उतरंड उभारली गेली व वर वरिष्ठ न्यायालय आले. पोलिसांची पुनर्रचना झाली. दरवर्षीच्या कारभाराचा अहवाल छापून प्रसिद्ध करण्याची शिस्त त्यांनी घातली. आपला जमाखर्च सरकार लोकांपुढे मांडते, ही कल्पनाच तेव्हाच्या संस्थानी प्रजेला नवी होती.

या कामात त्यांना साथ देणाऱ्यांत काझी शहाबुद्दीन होते, तसेच नायब दिवाण विनायक जनार्दन कीर्तने होते. थोरल्या माधवराव पेशव्यांवर नाटक लिहून मराठी रंगभूमीवर स्वतंत्र ऐतिहासिक नाटकाची वाट पाडणारे ते हेच कीर्तने. खंडेरावांच्या काळात बैलांनी ओढली जाणारी डभईची अरुंद रूळगाडी माधवरावांच्या काळात वाफेवर दूरवर धावू लागली. १८७९ मध्ये बडोदे कॉलेजची पायाभरणी झाली आणि १८८१ मध्ये तेथे वर्ग सुरू झाले. मद्रासहून आलेले वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी उभारलेला त्या इमारतीचा भव्य घुमट आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची खूण ठरला आहे.

माधवरावांवर टीकाही पुष्कळ झाली. मोठ्या जागांवर दक्षिणेकडील माणसे आणल्याचा ठपका स्थानिकांनी ठेवला. ब्रिटिशांशी व्यवहार करताना ते फार नमते घेतात, असा आक्षेप दरबारात होता. तो अगदीच निराधार नव्हता. मात्र ज्या गादीवरचा राजा नुकताच ब्रिटिशांनी उतरविला होता, तिच्या दिवाणाला उघड विरोधाची चैन परवडणारी नव्हती, हेही तितकेच खरे. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारास ते बालमहाराजांसह उपस्थित होते आणि तेथे त्यांना 'राजा' ही पदवी मिळाली.

तथापि त्यांच्या बडोद्यातील कार्याचा गाभा कचेरीपेक्षा राजवाड्याच्या अभ्यासिकेत शोधावा लागतो. कवळाण्याहून आलेल्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली होती. एफ. ए. एच. एलियट हे त्याचे शिक्षक झाले. राज्याधिकार मिळण्याची वेळ जवळ आली, तेव्हा १८८१ मध्ये माधवरावांनी स्वतः त्याच्यापुढे व्याख्याने दिली, आणि ती 'मायनर हिंट्स' या नावाने इंग्रजीत ग्रंथरूपाने छापली गेली. राज्य हे राजाच्या उपभोगासाठी नसून रयतेच्या सुखासाठी आहे, खजिना ही खासगी मालमत्ता नव्हे, राजानेही कायद्याची बूज राखावी आणि लायक मंत्री निवडून त्यांच्या कामात लुडबूड करू नये, अशी शिकवण त्यांत पानोपानी आढळते. एका राजशिष्याकडून दुरावा अनुभवलेला हा माणूस दुसऱ्याला तितक्याच मनोभावे शिकवीत होता, आणि शिकवणुकीचा परिणाम काय होणार हे त्याला पुरते ठाऊक असणार.

तसेच घडले. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार प्राप्त झाले. स्वतः निर्णय घेऊ इच्छिणारा तरुण राजा आणि सर्व सूत्रे एकहाती सांभाळण्याची सवय जडलेला दिवाण यांचे जमणे कठीण होते. १८८२ मध्ये माधवरावांनी पद सोडले आणि पुढे काझी शहाबुद्दीन दिवाण झाले. अधिकाराला चिकटून राहण्यासाठी माधवरावांनी राजाची वाढ खुंटविली असती, तर ब्रिटिशांनाही ते कदाचित सोयीचेच वाटले असते. त्यांनी ते केले नाही.

निवृत्तीनंतर ते मद्रासेस राहिले. मलबारमधील कुळांच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १८८७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते, परंतु पुढे काँग्रेसच्या मागण्यांची घाई न पटल्याने ते दूर झाले. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे आणि त्या पुतळ्यावरून तो सारा परिसरच 'स्टॅच्यू' या नावाने ओळखला जातो.

माधवराव गेले त्यानंतर दोन वर्षांनी सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. त्यासाठी लागणारी सुस्थितीतील तिजोरी, घडी बसलेली खाती आणि हिशेबाची शिस्त दिवाणाने मागे ठेवली होती. महाराजांचे कर्तृत्व त्यामुळे उणे होत नाही. मंत्रिपद म्हणजे ठेव असते, ती वाढवून धन्याच्या हाती परत द्यावयाची असते, एवढे मात्र या तंजावरी मराठी माणसाच्या चरित्रावरून समजते. बडोद्यात तो धनी एक राजा होता. आज मंत्र्यांचा धनी मतदार आहे, आणि ठेवीचा हिशेब मागण्याचा हक्क त्याचा आहे.