निंबाची काडी

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांनी चालविलेल्या लढ्यांची हकीकत आपण इतिहासात वाचतोच. येथे त्यांच्या घरातील काही अगदी लहान गोष्टी सांगावयाच्या आहेत.

डरबन येथे वकिली करीत असता त्यांना परटाचा खर्च फार येई आणि कपडे वेळेवर मिळत नसत. तेव्हा त्यांनी धुलाईच्या कलेवरील एक पुस्तक विकत आणले, त्याचा अभ्यास केला आणि कस्तुरबांनाही ती कला शिकविली. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती आणि कॉलर जळेल या भीतीने त्यांनी ती दाबून फिरविलीही नाही. तीच कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तो तिच्यातून खळ गळू लागली! बरोबरीचे बॅरिस्टर खूप हसले. पण गांधीजी मुळीच खजील झाले नाहीत.

सरावाने हात बसला. पुढे १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले एक उपरणे ते जिवापाड जपत असत. जोहान्सबर्ग येथील एका समारंभास ते घेऊन जावयाचे, तर त्यास चुण्या पडलेल्या. परटाकडे धाडण्यास वेळ नव्हता. गांधीजींनी इस्त्री करू देण्याची विनंती केली. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर भरवसा होता, धुलाईवर नव्हता! अखेर ते कबूल झाले आणि काम पाहून संतुष्टही झाले.

१९१० साली कॅलनबॅक नावाच्या जर्मन मित्राने दिलेल्या भूमीवर गांधीजींनी ‘टॉल्स्टॉय फार्म’ ही वसाहत स्थापन केली. तेथे पीठ हातजात्यावर दळीत. सांडपाणी बादल्यांत साठवून झाडांना घालीत आणि भाजीची देठे व उष्टेखरकटे यांचे खत करीत. जोहान्सबर्ग तेथून २१ मैल दूर होते. खाजगी कामासाठी जाणाऱ्याने पायीच जावे, असा नियम असे. मंडळी पहाटे दोन वाजता उठून निघत आणि त्याच दिवशी परतत. असली शिस्त सर्वांनाच सुखाची वाटली असे नाही. डरबनच्या घरातील सफाईवरून आपण कस्तुरबांशी किती कठोरपणे वागलो, हे गांधीजींनीच आत्मचरित्रात खेदपूर्वक लिहून ठेवले आहे.

१९१५ साली ते मायदेशी परतले. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात काका कालेलकरांना ते काहीतरी शोधताना दिसले. हरवली होती एक पेन्सिल, दोन इंचांहूनही लहान! काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मद्रासच्या एका लहान मुलाने ते थोटूक त्यांना प्रेमाने दिले होते. दोघांनी मिळून ते शोधून काढले, तेव्हा कोठे गांधीजींचा जीव स्वस्थ झाला.

या काकांचा जन्म साताऱ्याचा. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात असता काका त्यांच्या सोबतीस होते. ते गांधीजींसाठी रोज कडुनिंबाचे दातवण आणीत आणि त्याचे टोक ठेचून देत. एके दिवशी दात घासून झाल्यावर गांधीजींनी सांगितले की वापरलेले टोक कापून टाकावे आणि उरलेली काडी उद्या पुन्हा ठेचावी. काकांना नवल वाटले. आवारात निंबाला काय तोटा? गांधीजींना तेही ठाऊक होते. परंतु झाड समोर आहे एवढ्याने ते तोडण्याचा अधिकार मिळतो, हे त्यांना मान्य नव्हते. काडी बोटांत धरवेना इतकी लहान होईपर्यंत ती वापरली गेली. पिंजणाच्या तातीवर घासण्यास त्यांना निंबाची चारदोन पाने लागत. काकांनी त्यासाठी सबंध डहाळी मोडून आणली, तेव्हा ते दुखावले. लागतील तेवढीच पाने खुडावी आणि तीही झाडाची क्षमा मागून, असे त्यांनी सुचविले.

आज शास्त्रज्ञ एखादी वस्तू बनविण्यास, वाहून आणण्यास व वापरण्यास किती इंधन जळते आणि त्यातून किती कर्बवायू हवेत जातो, याचा हिशेब मांडतात. घराघरांतून असा हिशेब गांधीजींच्या काळी कोणी ठेवीत नसे आणि त्यांचा हेतूही तो नव्हता. गरजेपेक्षा अधिक घेणे ही त्यांच्या लेखी चोरी होती. तरीही पायी चालणे, पुनःपुन्हा वापरणे आणि टाकाऊचे खत करणे या त्यांच्या सवयी त्या हिशेबातही जमेच्याच बाजूस पडतात.

१९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात राहावयास गेले. पुढे त्याचे नाव सेवाग्राम झाले. तेथील त्यांची कुटी माती, बांबू, लाकूड व कौले यांची आहे. आलेल्या पत्रांची पाकिटे उलगडून त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते टिपणे लिहीत. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते तेथून दिल्लीस गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. सेवाग्रामास त्यांचे पुन्हा येणे झाले नाही. कुटी मात्र जपून ठेविली आहे आणि तिच्या मातीच्या भिंती आजही सारवल्या जातात.